निगेटिव्ह असलेल्यांचे औषध: जालना जिल्हा आणि एचआयव्ही-प्रतिबंधक गोळी

शासकीय रुग्णालयातील आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन करून एचआयव्हीची मोफत व गोपनीय तपासणी करणाऱ्या केंद्रात, आलेल्या व्यक्तीचा अहवाल पॉझिटिव्ह निघाला, तर तिच्यापुढील मार्ग गेल्या दोन दशकांत बराचसा आखला गेलेला आहे. तिची नोंद एआरटी केंद्रात होते, एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखून धरणारी संयुक्त औषधे, तिला मोफत मिळू लागतात, ठरावीक काळाने रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजले जाते आणि गोळ्या न्यायला ती आली नाही, तर तिचा शोधही घेतला जातो. अहवाल निगेटिव्ह निघाला, तर कंडोमचा वापर आणि काही आठवड्यांनी करावयाची फेरतपासणी यांविषयीच्या सूचना ऐकून ती व्यक्ती बाहेर पडते, आणि ज्या परिस्थितीमुळे तिला तपासणीला यावेसे वाटले ती परिस्थिती बहुधा जशीच्या तशी राहते. संसर्ग झालेला नाही पण होण्याचा धोका कायम आहे, अशा माणसासाठी औषध आज उपलब्ध आहे, ते भारतातच तयार होते आणि येथून जगभर पाठवले जाते. तरीही जालन्यासारख्या जिल्ह्यात ते मागायचे कोणाकडे, याचे उत्तर सामान्य माणसाला सहजासहजी मिळत नाही.

या औषधोपचाराला वैद्यकीय व्यवहारात ‘प्रेप’ म्हणतात. विषाणूशी संपर्क येण्याआधीपासून, संसर्ग होऊ नये म्हणून घ्यावयाचे औषध असा त्याचा अर्थ आहे. त्याच्या सर्वांत रुळलेल्या प्रकारात टेनोफोविर 300 मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन 200 मिलिग्रॅम ही दोन द्रव्ये एकाच गोळीत असतात आणि ती गोळी रोज एक याप्रमाणे घ्यावयाची असते. एचआयव्हीची जनुकीय माहिती आरएनएच्या स्वरूपात असते. मानवी पेशीत शिरल्यावर हा विषाणू रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज या विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या, साहाय्याने त्या माहितीचे डीएनएत रूपांतर करतो, आणि हा डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत एकदा गुंफला गेला की संसर्ग कायमचा होतो. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन यांची घडण डीएनएच्या घटकांशी इतकी मिळतीजुळती असते की विकर त्यांनाच तयार होत असलेल्या साखळीत बसवतो, परंतु त्यांच्यापुढे पुढचा घटक जोडला जाऊ शकत नाही आणि ती साखळी अर्धवट राहते. पेशींमध्ये औषधाचा पुरेसा साठा असताना विषाणू शरीरात आला, तर त्याला ठाण मांडण्यापूर्वीच अटकाव होतो. हे औषध म्हणजे लस नव्हे: ते शरीराला विषाणूशी लढायला शिकवत नाही, आणि गोळ्या थांबल्या की काही दिवसांत त्याचे संरक्षणही संपते. लैंगिक संबंधांतून पसरणारे सिफिलिस, गनोरिया यांसारखे अन्य आजार किंवा नको असलेली गर्भधारणा यांनाही ते रोखत नाही, म्हणून कंडोमची जागा ते घेत नाही.

या गोळीविषयीचा पहिला मोठा पुरावा 2010 मध्ये पुढे आला. सहा देशांतील 2,499 समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष व तृतीयपंथी स्त्रिया यांच्यावर केलेल्या ‘आयप्रेक्स’ या अभ्यासात गोळी मिळालेल्या गटात संसर्गाचे प्रमाण 44 टक्क्यांनी घटले. हा आकडा माफक वाटतो, परंतु ज्यांच्या रक्तात औषध खरोखर आढळले, म्हणजे ज्यांनी गोळ्या नियमित घेतल्या, त्यांना मिळालेले संरक्षण याहून कितीतरी अधिक होते. केनिया आणि युगांडा येथील 4,747 जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यांत पती किंवा पत्नी यांपैकी एकालाच संसर्ग होता, हीच गोळी घेणाऱ्या निगेटिव्ह जोडीदारांमध्ये संसर्ग 75 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2012 मध्ये दिसून आले. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेच्या औषध नियामकाने या वापराला मान्यता दिली, 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणीय धोका असलेल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली, आणि भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे नॅकोने, 2022 मध्ये तिच्या वापराविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रोज न चुकता घेतल्यास लैंगिक संबंधांतून होणाऱ्या संसर्गाचा धोका सुमारे 99 टक्क्यांनी घटतो, असे आता मानले जाते.

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. त्याचे आर्थिक जीवन तीन-चार गोष्टींभोवती फिरते: शहरालगतच्या औद्योगिक वसाहतींतील लोखंडी सळया बनवणारे कारखाने, बियाण्यांचा उद्योग, मोसंबीच्या बागा आणि पावसावर अवलंबून असलेली कापूस-सोयाबीनची शेती. सळईच्या भट्ट्यांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले मजूर घरापासून महिनोन्‌महिने दूर राहून काम करतात. भंगार आणि सळई वाहणारे ट्रक रात्रंदिवस ये-जा करतात आणि समृद्धी महामार्गामुळे ही वाहतूक आणखी वाढली आहे. आणि अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. एचआयव्ही नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने अमली पदार्थ घेणारे यांना अतिजोखमीचे गट, तर ट्रकचालक आणि स्थलांतरित मजूर यांना त्या गटांना सर्वसामान्य समाजाशी जोडणारे गट मानून त्यांच्यासाठी स्वयंसेवी संस्थांमार्फत प्रकल्प चालवले जातात. या वर्गवारीने कार्यक्रमाला दिशा दिली हे खरे, आणि 2023 च्या राष्ट्रीय अंदाजानुसार प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण 0.20 टक्क्यांपर्यंत खाली आले यात तिचा वाटा मोठा आहे. परंतु त्याच अंदाजानुसार देशात वर्षभरात 68 हजारांहून अधिक नवे संसर्ग झाले, एचआयव्हीसह जगणाऱ्या सुमारे 25 लाख लोकांपैकी जवळपास चार लाख महाराष्ट्रात होते, आणि ही संख्या कोणत्याही अन्य राज्यापेक्षा अधिक होती. ही वर्गवारी माणसाला त्याच्या व्यवसायावरून किंवा वर्तनावरून ओळखते. ट्रकचालकाची गावाकडे राहणारी पत्नी तिच्यातील कोणत्याच कप्प्यात बसत नाही, आणि तिला पतीकडून होणारा संसर्ग बहुधा गरोदरपणातील तपासणीच्या वेळीच, म्हणजे टाळण्याची वेळ निघून गेल्यावर, कळतो.

प्रतिबंधक गोळीचा सर्वांत तातडीचा आणि सर्वांत कमी वादाचा उपयोग अशा जिल्ह्यात ज्या कुटुंबांत आहे ती म्हणजे विषम जोडपी. पती-पत्नींपैकी एक पॉझिटिव्ह आणि दुसरा निगेटिव्ह असेल, तर त्या जोडप्याला आरोग्यसेवेत विषम किंवा डिस्कॉर्डंट जोडपे म्हणतात. त्यांच्याविषयीच्या जागतिक ज्ञानात महाराष्ट्राचाही वाटा आहे. भारतातील पहिल्या एचआयव्ही संसर्गांचा शोध 1986 मध्ये चेन्नईत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली लागला त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. आणि पुण्यात भोसरी येथे 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. चेन्नई आणि पुणे ही दोन्ही शहरे पुढे ‘एचपीटीएन 052’ या नऊ देशांतील अभ्यासाची केंद्रे बनली. या अभ्यासात 1,763 विषम जोडप्यांपैकी ज्यांच्यात पॉझिटिव्ह जोडीदाराला लगेच एआरटी सुरू केली, त्यांच्यात निगेटिव्ह जोडीदाराला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटल्याचे 2011 मध्ये जाहीर झाले, आणि 2016 च्या अंतिम निष्कर्षांतही हे प्रमाण 93 टक्के राहिले. उपचार हाच प्रतिबंध, हे तत्त्व यातून प्रस्थापित झाले. औषधे नियमित घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके कमी झाले आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले.

मग अशा जोडप्यात निगेटिव्ह जोडीदाराला वेगळ्या गोळीची गरज का पडावी, असा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर पहिल्या काही महिन्यांत आहे. एआरटी सुरू झाल्यापासून विषाणूंचे प्रमाण पुरेसे खाली येऊन ते चाचणीने सिद्ध होईपर्यंत साधारण सहा महिने धरावे लागतात, कारण राष्ट्रीय कार्यक्रमात विषाणू मोजण्याची पहिली चाचणीच सहाव्या महिन्यात होते. त्या काळात पॉझिटिव्ह जोडीदाराच्या उपचारावर निगेटिव्ह जोडीदाराचे संरक्षण पूर्णपणे सोपवता येत नाही. पती कामासाठी बाहेरगावी असेल आणि त्याच्या गोळ्या मधूनमधून चुकत असतील, तो मद्याच्या आहारी गेलेला असेल, किंवा त्याने उपचार मध्येच सोडले असतील, तर हा असुरक्षित काळ आणखी लांबतो. जोडप्याला मूल हवे असेल तेव्हा कंडोमचा आग्रह धरता येत नाही, आणि जेथे कंडोमचा निर्णय पत्नीच्या हाती नसतो तेथे तो आग्रह धरण्याचा सल्ला कागदावरच राहतो. प्रेप हे स्त्रीला स्वतःला घेता येणारे, पतीच्या संमतीवर किंवा त्याच्या नियमितपणावर अवलंबून नसलेले संरक्षण आहे, आणि मराठवाड्यातील ग्रामीण संसाराच्या संदर्भात याच गुणाला सर्वाधिक महत्त्व द्यावे लागेल. शिवाय अशी जोडपी आरोग्ययंत्रणेला शोधावी लागत नाहीत. पॉझिटिव्ह जोडीदार एआरटी केंद्रात नियमित येतच असतो आणि दुसऱ्याची तपासणी झालेली असेल, तर तो निगेटिव्ह असल्याची माहितीही तेथील समुपदेशकाकडे असते.

प्रेप सुरू करण्यापूर्वी काही तपासण्या अपरिहार्य आहेत आणि त्यांमागची कारणे समजून घेतली म्हणजे चिठ्ठीशिवाय दुकानातून गोळ्या घेणे का धोक्याचे आहे ते लक्षात येते. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी एचआयव्हीचीच. संसर्ग झालेला असताना ही दोनच द्रव्ये घेतली, तर ती उपचाराला अपुरी पडतात आणि विषाणू त्यांना दाद न देणारे रूप धारण करू शकतो. म्हणून नुकत्याच झालेल्या संसर्गाची ताप, पुरळ, घशाची सूज अशी लक्षणे असतील, तर गोळी सुरू करणे लांबणीवर टाकून फेरतपासणी करतात. टेनोफोविर मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि काहींच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो, म्हणून रक्तातील क्रिएटिनिन पाहावे लागते. हेच द्रव्य हिपॅटायटिस बी या काविळीच्या विषाणूलाही दाबून ठेवते, त्यामुळे ती कावीळ असलेल्या व्यक्तीने गोळ्या अचानक थांबवल्यास यकृताचा आजार उसळू शकतो. म्हणून त्याचीही तपासणी आधी करतात. गोळी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यानंतर आणि पुढे दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी पुन्हा करायची असते. सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी असा त्रास काहींना होतो आणि बहुतेकांचा तो आपोआप थांबतो. संरक्षण पहिल्या गोळीपासून मिळत नाही: गुदमार्गाच्या संबंधांसाठी सुमारे सात दिवस आणि योनीमार्गाच्या संबंधांसाठी सुमारे एकवीस दिवस रोज गोळी घेतल्यावर औषधाचा साठा पुरेसा होतो, असे अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राचे सावध गणित आहे. हे औषध जन्मभर घ्यावे लागत नाही. धोक्याचा काळ संपला की डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवता येते.

यांतील जवळपास प्रत्येक तपासणी जालना जिल्ह्यातल्या शासकीय यंत्रणेत होऊ शकते. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत मोफत होते, क्रिएटिनिन आणि हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला नव्या नाहीत, आणि 2024 मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे तज्ज्ञ डॉक्टरांची उपलब्धता वाढण्याची अपेक्षा आहे. साखळी तुटते ती गोळीपाशी. एआरटीची औषधे 1 एप्रिल 2004 पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात, परंतु प्रतिबंधासाठीची गोळी तशी सरसकट मोफत मिळण्याची सोय झालेली नाही. ती प्रामुख्याने खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पदरचे पैसे देऊन घ्यावी लागते आणि महिन्याचा खर्च चार आकड्यांत जातो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला, ज्या आजाराची लक्षणे अंगावर नाहीत त्यासाठी दरमहा एवढी रक्कम बाजूला काढणे जवळपास अशक्य असते. मंठ्याहून किंवा जाफराबादहून जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे, तर दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच, आणि गावच्या दुकानात ही गोळी सहसा ठेवलेली नसते. मागवून घ्यावी, तर मागवणाऱ्याचे नाव गावात फिरण्याची भीती असते. ज्याला चौकशी करायची आहे त्याला 1097 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर नाव न सांगता आणि विनाशुल्क माहिती विचारता येते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांनी ही सेवा उभी केली. जालन्यातील तरुणाला मात्र त्यासाठी प्रवास करावा लागतो किंवा ओळखीच्या डॉक्टरांपुढे मन उघडे करावे लागते, आणि यांतील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड असते.

येथे एका वेगळ्या औषधोपचाराचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तो सरकारी रुग्णालयात आजही मिळतो आणि तरीही त्याची माहिती फार थोड्यांना असते. संपर्क येऊन गेल्यानंतर घ्यावयाच्या या उपचाराला ‘पेप’ म्हणतात. रुग्णालयात सुई टोचलेली परिचारिका, जैववैद्यकीय कचरा उचलताना जखमी झालेला सफाई कामगार, बलात्कारातून वाचलेली स्त्री किंवा मुलगी यांच्यासाठी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तीन द्रव्ये एकत्र असलेली गोळी अठ्ठावीस दिवस द्यायची असते. पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत 72 तासांच्या आत दिली गेली पाहिजे. त्यानंतर तिचा उपयोग होत नाही, कारण तोपर्यंत विषाणूने पेशींत आपले स्थान पक्के केलेले असते. अत्याचाराच्या प्रकरणात हे 72 तास तक्रार नोंदवण्यात, घरच्यांच्या विचारविनिमयात आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात पाठवण्यात सहज निघून जातात. पीडितेवर तत्काळ व मोफत उपचार करणे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे, पोलीस तक्रारीची वाट पाहणे त्यात अपेक्षित नाही. ग्रामीण रुग्णालयात पेपची पहिली मात्रा रात्रीच्या पाळीतील डॉक्टरांच्या हाताशी असणे आणि ती तेथेच देऊन मग पुढे पाठवणे, ही सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत अधिक परिणामकारक सुधारणा ठरेल.

रोजच्या गोळीपुढील खरी अडचण अनेकदा पैशांचीही नसते. आफ्रिकेत स्त्रियांवर केलेल्या ‘फेम-प्रेप’ आणि ‘व्हॉइस’ या दोन मोठ्या अभ्यासांत गोळीचा काहीच परिणाम दिसला नाही, तेव्हा संशोधकांना प्रथम औषधावरच शंका आली. रक्त तपासल्यावर बहुसंख्य स्त्रियांनी गोळ्या घेतल्याच नव्हत्या असे आढळले. त्यामागे, इतर कारणांबरोबर, घरात बाटली सापडली तर आपल्यालाच एचआयव्ही आहे असा समज होईल ही भीती होती. टेनोफोविर उपचारातही वापरले जाते आणि प्रतिबंधातही, त्यामुळे ही भीती निराधार म्हणता येत नाही. जालन्याच्या एखाद्या एकत्र कुटुंबात, जेथे सुनेच्या पेटीतली वस्तू सासूच्या नजरेतून सुटत नाही, तेथे रोज एक गोळी गुपचूप घेणे किती कठीण असेल हे सांगण्याची गरज नाही. समलिंगी संबंध ठेवणाऱ्या विवाहित पुरुषाची कोंडी याहून निराळी असली, तरी तितकीच घट्ट असते. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले आणि त्यानंतर चारच दिवसांनी, 10 सप्टेंबरला, एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा देशभर लागू झाला. 2017 मध्ये संमत झालेल्या या कायद्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कोणाची एचआयव्हीविषयक माहिती कायद्याने ठरवलेल्या प्रसंगांखेरीज उघड करता येत नाही, आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करणे बेकायदा ठरते. कंडोमसारखी धोका कमी करणारी साधने वाटणाऱ्या आणि वापरणाऱ्या व्यक्तींनाही त्या कामासाठी या कायद्याने संरक्षण दिलेले आहे. कायद्याचे हे बळ गावपातळीवरच्या आशा कार्यकर्तीपर्यंत आणि औषध दुकानदारापर्यंत पोहोचलेले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यात, म्हणजे 2021 ते 2026 या कालावधीत, ‘संपूर्ण सुरक्षा’ नावाची कल्पना आणली गेली. ज्यांचा अहवाल निगेटिव्ह आहे पण ज्यांना धोका आहे, अशांना यंत्रणेशी जोडून ठेवावे, त्यांची तपासणी ठरावीक काळाने व्हावी आणि अन्य लैंगिक आजार, कावीळ, क्षयरोग यांसाठीच्या सेवाही त्यांना एकाच ठिकाणी मिळाव्यात, असा तिचा हेतू आहे. प्रेपसाठी याहून योग्य घर दुसरे नाही. हे काम केवळ परदेशी मदतीवर सोडण्यात काय धोका असतो तेही अलीकडेच दिसले: अमेरिकी शासनाने 2025 च्या आरंभी आपली परदेशी मदत थांबवताच तृतीयपंथीयांसाठी हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे चालणारी ‘मित्र’ चिकित्सालये बंद पडली. याउलट एआरटीचा कार्यक्रम मुख्यतः केंद्र शासनाच्या पैशावर उभा असल्यामुळे टिकला. त्याच केंद्रातून, त्याच समुपदेशकाच्या हातून, विषम जोडप्यांतील निगेटिव्ह जोडीदारांना निदान पहिले सहा महिने गोळी मोफत देण्याचा निर्णय झाला, तर त्यासाठी नवी इमारत किंवा नवे पद लागणार नाही.

रोजच्या गोळीला आता पर्यायही पुढे आले आहेत. दर दोन महिन्यांनी टोचायच्या कॅबोटेग्रॅविरची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये केली; परंतु अधिक चर्चा झाली ती वर्षातून दोनदाच टोचायच्या लेनाकॅपॅविरची. दक्षिण आफ्रिका आणि युगांडा येथील किशोरी व तरुणींवर केलेल्या आणि 2024 मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात हे इंजेक्शन मिळालेल्या 2,134 जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, तर रोजची गोळी दिलेल्या 1,068 जणींपैकी सोळा जणींना झाला, आणि त्याचे कारण पुन्हा गोळ्या नियमित न घेतल्या जाणे हेच होते. जून 2025 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. मूळ उत्पादक गिलियड कंपनीने 120 देशांसाठी हे औषध बनवण्याचे परवाने सहा कंपन्यांना दिले, त्यांत हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याबरोबर पुण्याची एमक्युअरही आहे, आणि या देशांच्या यादीत भारताचा समावेश आहे. 2027 पासून वर्षाला सुमारे चाळीस डॉलर, म्हणजे साडेतीन हजार रुपयांच्या आसपास, या दराने ते पुरवण्याचे करार सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झाले. एचआयव्हीवरील उपचाराचा वर्षाचा खर्च 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने 350 डॉलरवर आणला होता आणि त्या एका किमतीने जगातील उपचारांचे चित्र पालटले, हे लक्षात घेतले म्हणजे या नव्या दराचे महत्त्व कळते.

पोटाच्या कातडीखाली टोचायचे हे इंजेक्शन सामान्य तापमानात ठेवता येते, घरात बाटली लपवण्याचा प्रश्न त्यात उरत नाही आणि दोन मात्रांमध्ये सव्वीस आठवड्यांचे अंतर असते. अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याचे, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीचे, वर्षही साधारण अशाच दोन भागांत विभागलेले असते: दिवाळीच्या आगेमागे निघायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतायचे. अशा जोडप्यातील निगेटिव्ह जोडीदाराला निघण्यापूर्वी एक मात्रा गावाजवळच्या रुग्णालयात आणि दुसरी परतल्यावर तेथेच देता येईल. पण गाळप हंगाम पावसावर आणि उसाच्या उपलब्धतेवर लांबतो किंवा आखडतो, आणि मात्रेच्या तारखेत मागेपुढे दोन आठवड्यांचीच मुभा असते. परतायला त्याहून उशीर होणार असेल, तर मधल्या काळासाठी आठवड्याला एक याप्रमाणे याच औषधाच्या गोळ्या घेण्याची सोय आहे, आणि त्या गोळ्या मजुराला सांगली, कोल्हापूर किंवा बेळगावकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायच्या असतील, तर जालन्यात झालेली त्याची नोंद जिल्ह्याची आणि राज्याची हद्द ओलांडून तेथील डॉक्टरांना, त्याची गोपनीयता राखून, पाहता आली पाहिजे.